एचडी चॅनलसाठी डीटीएच बदलावं का? गावाकडचे अनुभव सांगा

देवळी तालुका, वर्धा

यंदा कापसाचा चुकारा हाती आल्यावर घरात ४३ इंची टीव्ही घेतला. डीटीएच मात्र जुनंच आहे, बाबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लावलेलं. मोठ्या पडद्यावर चित्र फिकं दिसतं. मॅचमध्ये चेंडू सीमेकडे गेला की नुसता पांढरा डाग पळतो. आमच्या पॅकमध्ये एचडी चॅनल मोजकेच आहेत. दुकानदार म्हणतो, कंपनी बदला, दुसरीकडे दुप्पट एचडी आहेत, वर्षाचा रिचार्ज एकदम मारला तर बॉक्स अन् फिटिंग फुकट.

जे सल्ले वाचायला मिळतात ते पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधले. तिथं सकाळी तक्रार केली की संध्याकाळी माणूस दारात. आमच्याकडे लाइन जाते, जुलैत झड लागली की आठवडा आठवडा थांबत नाही, अन् वाऱ्यानं छत्री हलली तर तालुक्याहून माणूस कधी येईल त्याचा भरवसा नाही. म्हणून विदर्भातल्या गावात राहून ज्यांनी कंपनी बदलली, किंवा बदलता बदलता थांबले, त्यांनी लिहावं. चित्रात खरंच फरक पडला का? वाढलेल्या चॅनलांपैकी घरात कोणते लागतात? पावसात काय होतं? बारीकसारीक सगळं सांगा, घरी आईबाबांना वाचून दाखवणार आहे.

मोर्शी तालुका, अमरावती

मी बदललं, अन् समाधानी आहे. पण दुकानदाराचं "दुप्पट एचडी" ऐकून नाही बदललं. आधी दोन्ही कंपन्यांच्या याद्या कागदावर शेजारी शेजारी उतरवल्या अन् घरात जे लागतं त्यावर खूण केली. नव्या यादीतले जास्तीचे एचडी बहुतेक इंग्रजी सिनेमाचे, खाण्यापिण्याचे, दक्षिणेकडच्या भाषांचे. मराठीत स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी हे एचडीत दोन्हीकडे होतेच. बातम्या आमच्या बॉक्सवर आधीही साध्याच होत्या, आताही साध्याच आहेत. आमच्या घरासाठी खरा फरक पडला तो खेळाच्या चॅनलांत अन् दोन हिंदी सिनेमांच्या चॅनलांत. तेवढ्यासाठीच बदललं.

पैशाचं नीट समजून घ्या, कारण भुलवतात ते इथंच. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम आला तेव्हा पहिल्या १०० चॅनलांसाठी १३० रुपये नेटवर्क भाडं अन् त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे ठरले. चॅनलचे पैसे वेगळे. त्या हिशेबात एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलांएवढा धरायचे. म्हणजे एचडी वाढवले की शंभराची जागा झपाट्यानं भरायची. पुढे २०२० मध्ये १३० रुपयांत २०० चॅनल झाले. जुलै २०२४ मध्ये तर ट्रायनं नेटवर्क भाड्यावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता प्रत्येक कंपनी आपलं भाडं आपण ठरवते. म्हणून माझ्या बिलाचा आकडा तुमच्या कामाचा नाही, अन् दुकानदाराच्या तोंडचाही नाही. कंपनीच्या ॲपमध्ये आपले चॅनल एकेक करून टाका अन् शेवटी जीएसटीसकट किती होतात ते बघा. मी तसं केलं तेव्हा दुकानदाराचा "महाएचडी" पॅक बाजूला राहिला अन् सुटे चॅनल घेऊनच स्वस्त पडलं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. रात्री जेवणं झाल्यावर बाबा अन् मी मॅच बघतो तेव्हा आता फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून सुटलेल्या चेंडूची शिवण दिसते. बाबा स्वतः गावच्या संघात ऑफस्पिन टाकायचे. ते पुढे सरकून बसतात. ह्यासाठी महिन्याला थोडे जास्त गेले तरी मला चालतात.

दारव्हा तालुका, यवतमाळ

मी छत्र्या बसवाचं काम करतो, सगळ्याच कंपन्यायच्या. तुमचा प्रश्न वाचून पयले एक विचारतो भाऊ, टीव्हीले बॉक्स कोणत्या वायरनं जोडला हाय? पिवळी-लाल-पांढरी अशी तीन तोंडाची वायर असन तर त्यातून एचडी येतच नाही, मंग बॉक्स कोणत्याबी कंपनीचा असो. एचडीसाठी चपट्या तोंडाची एचडीएमआय वायर लागते. गावोगाव पाहतो, लोकं एचडीचा रिचार्ज मारतात अन् बॉक्सामागं तीच जुनी पिवळी वायर. डब्यात एचडीएमआय वायर प्लास्टिकसकट तशीच पडून असते.

दुसरं, साधं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यायचं अन् एचडीचं १९२० बाय १०८०. ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर हा फरक आंधळ्यालेबी दिसन. २४ इंचीवर, खाटंवर दूर बसून पाहत असान तं फार नाही दिसणार. ३२ इंची टीव्हीवर बहुतेक "एचडी रेडी" लिहेलं असते, तो १३६६ बाय ७६८ चा. त्याच्यावरबी बरंच सुधरते. तुमचा टीव्ही मोठा हाय, तुमाले एचडी पाहिजेच. पण एचडी पाहिजे म्हणजे कंपनीच बदलली पाहिजे असं नाही. तुमचा बॉक्स बरेच वर्षांपूर्वीचा साधा असन तं जुन्याच कंपनीकडून एचडी बॉक्स मागून पहा.

पावसाचं सांगतो. सगळ्याच कंपन्यायचे सिग्नल केयू बँड नावाच्या लहरींवर येतात अन् जोराच्या पावसात ते पाण्यानं शोषले जातात. चौकोन चौकोन होतात, मंग निळा पडदा. यात कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. ज्याची छत्री एकदम नेमकी लागली तो जास्त टिकते. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद अन् क्वालिटी दोन पट्ट्या दिसतात. त्यातली क्वालिटीची पट्टी माणूस जाच्या आधी तुम्ही स्वतः पहा अन् आणखी थोडी वाढते का म्हणून त्याले विचारा. बोटभर हलवल्यानं फरक पडते. अन् एलएनबीच्या, म्हणजे छत्रीपुढच्या दांडीवर असते त्या डब्याच्या, तोंडाशी वायरचा जोड असते तिथं रबरी टोपी किंवा टेप घट्ट पाहिजे. पाणी आत शिरलं की तांब्याची तार हिरवी पडते. लोकं म्हणतात कंपनी खराब हाय, अन् खराब असते तो वीतभर तुकडा.

आभाळ भरून आलं की, वीज कडकडाच्या आधीच बॉक्सचा प्लग अन् छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. पावसाळ्यात माह्याकडे जळेले बॉक्स येतात ते बहुतेक असेच.

साकोली तालुका, भंडारा

झाडाचं कोणी सांगितलं नाही, म्हणून लिहितो. आमच्या घराच्या आग्नेयेला आजोबांच्या हातचं चिंचेचं झाड आहे, मोठ्या विस्ताराचं. जुन्या कंपनीची छत्री जवळजवळ दक्षिणेला, उंच आभाळात बघायची, तेव्हा चिंच कधी मध्ये आली नाही. नव्या कंपनीच्या माणसानं छत्री फिरवली तर ती थेट चिंचेच्या शेंड्यात.

कारण सोपं आहे. प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी आहे. कोणाचा ८३ अंश पूर्व रेखांशावर, कोणाचा ८८ वर, कोणाचा ९५ वर, कोणाचा १०८ वर. आपण इथं साधारण ८० अंशावर. ८३ चा उपग्रह आपल्याला जवळपास दक्षिणेला, डोक्याकडे चढलेला दिसतो. १०८ चा बराच पूर्वेकडे सरकतो अन् आभाळात खाली येतो. जेवढा खाली, तेवढं झाड, घराचा माळा, पाण्याची टाकी मध्ये यायची शक्यता जास्त. म्हणून कंपनी ठरवायच्या आधी त्या कंपनीची छत्री गावात कोणाकडे आहे ते शोधा, ती कुठं तोंड करून आहे ते बघा अन् मग आपल्या अंगणात त्याच दिशेला तोंड करून उभे राहा.

चिंच तोडायचा प्रश्नच नव्हता. शेवटी गोठ्याच्या पलीकडे लोखंडी पाइप रोवून त्यावर छत्री बसवली. वायर जास्त लागली, तिचे पैसे वेगळे द्यावे लागले अन् "फिटिंग फुकट" तिथंच संपलं. आता धान कापणीच्या दिवसांत गाडा वळवताना पाइपाला धक्का लागू नये म्हणून सगळ्यांना सांगावं लागतं. चित्र मात्र उत्तम येतं.

चिखली तालुका, बुलढाणा

मी एका सुनेच्या बाजूनं लिहिते. आमच्याकडे ह्यांनी अन् दिरांनी मिळून कंपनी बदलली, क्रिकेटसाठी. बदलली तर बदलली, पण सासूबाईंचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. त्या शाळेत गेल्या नाहीत. रिमोटवरचे आकडे मात्र त्यांना बरोबर ओळखू येतात, अन् आपल्या चॅनलांचे नंबर त्यांना वर्षानुवर्षं पाठ होते. नव्या कंपनीत सगळे नंबर वेगळे. पहिल्या संध्याकाळी त्या रिमोट हातात धरून बसून राहिल्या अन् नंतर म्हणाल्या, "राहू दे माय, मी देवाचं म्हणते." मला फार लागलं ते.

मग आम्ही बॉक्समध्ये आवडत्या चॅनलांची यादी केली. फक्त त्यांचे चॅनल घातले, एचडीतले मराठी, कीर्तनाचा अन् बातम्यांचा. यादी उघडायचं जे बटण आहे त्यावर मी माझी लाल टिकली चिकटवली. आता टिकलीवर बोट ठेवलं की त्यांचे चॅनल येतात अन् वर-खाली करून त्या हवा तो लावतात. टिकली झिजली की नवी लावते. घरात म्हातारं माणूस असेल तर हे पहिल्याच दिवशी करा. एचडीत साड्यांचे काठ कसे दिसतात ते आता त्याच आम्हाला दाखवतात.

धानोरा तालुका, गडचिरोली

आमची गोष्ट उलटी. महिन्याचा रिचार्ज परवडेना म्हणून आम्ही पैशाची कंपनी सोडून डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकटची छत्री लावली. छत्री अन् बॉक्सचा एकदाच खर्च, नंतर काही नाही. एचडीचं सुख त्यात फारसं नाही हे खरं, पण आमचा टीव्ही लहान आहे. भारताच्या वनडे अन् ट्वेंटी-२० मॅच डीडी स्पोर्ट्सवर दिसतात, कारण २००७ च्या कायद्यानं महत्त्वाच्या मॅचचे सिग्नल खाजगी चॅनलांना प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावेच लागतात. आयपीएल त्या कायद्यात बसत नाही. ज्यांच्याकडे पैशाची ओढाताण आहे त्यांनी एचडीच्या नादात दर महिन्याचं ओझं घेऊ नये असं मला वाटतं. दिवसातून लाइन किती वेळ असते तेही धरा. आमच्याकडे पावसाळ्यात डीपी गेली की टीव्ही तसाही बंदच.

कारंजा तालुका, वाशिम

आम्ही बदलणार होतो, बदललं नाही. जुन्या कंपनीला फोन करून सांगितलं की एचडी कमी आहेत म्हणून सोडतोय. आधी तर नुसतं ताटकळत ठेवलं, पण नंतर त्यांनी एचडी बॉक्स कमी पैशात बदलून दिला. छत्री तीच, दिशा तीच, आईला पाठ असलेले बरेचसे नंबरही तेच. एक फोन करून बघायला काय हरकत आहे?

देवळी तालुका, वर्धा

सगळ्यांचे आभार. दारव्ह्याच्या भाऊंचं वाचून लगेच टीव्हीमागं पाहिलं, तीन तोंडाचीच वायर आहे. बॉक्सवर एचडी कुठंही लिहिलेलं नाही, म्हणजे बॉक्सही साधाच. घराच्या आग्नेयेला शेजाऱ्यांची दोन मजली स्लॅब आहे, तेही बघावं लागेल. एक विचारायचं राहिलं: जुना बॉक्स नव्या कंपनीत चालतो का? अन् जुन्या खात्यात उरलेले पैसे?

दारव्हा तालुका, यवतमाळ

बॉक्स चालत नाही भाऊ. कोणत्याबी कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीचे चॅनल उघडू शकावा अशी शिफारस ट्रायनं एप्रिल २०२० मध्ये केली होती, पण हातात अजून तसं काही आलं नाही. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलते तसं इथं नाही. उरलेले पैसे नव्या कंपनीत जात नाहीत, ते पयले पाहून संपवा अन् मंग बदला. छत्रीचा पाय अन् वायर चांगली असन तं बहुतेक वेळा तीच वापरता येते, माणसाले तसं सांगा.

हिंगणघाट तालुका, वर्धा

मोबाइलवर किंवा इंटरनेटच्या टीव्हीवर बघा असं कोणी सांगेल, म्हणून आधीच सांगतो. आम्ही वर्षभर तेच केलं. चित्र छान, पण संध्याकाळी सगळं गाव नेटवर आलं की ते फिरतं चाक. मॅच तर छत्रीपेक्षा मागं चालते. इकडे गोलंदाज धावत येतोय अन् शेजारचे पोट्टे विकेट पडली म्हणून ओरडून मोकळे. मॅचसाठी छत्रीच, असं आमचं ठरलं.

वरोरा तालुका, चंद्रपूर

आम्ही केबलवरून डीटीएचवर आलो. फेब्रुवारी २०२३ मध्ये दरावरून मोठे चॅनलवाले अन् केबलवाले यांच्यात वाद झाला अन् आमच्या केबलवर मालिका, मॅच सगळंच काही दिवस बंद पडलं. तेव्हा बदललं.

वर्षाच्या रिचार्जबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे, पहिल्यांदा एकाच महिन्याचा मारा. बॉक्सला थोडे पैसे पडले तरी चालतील. पॅकमधले चॅनल अन् दर मध्येच बदलतात, अन् वर्षाचे पैसे देऊन बसलं की बोलायला तोंड राहत नाही. शक्य असेल तर तो पहिला महिना पावसाळ्यातला घ्या. झड लागल्यावर क्वालिटीची पट्टी कुठं जाते अन् तक्रारीला माणूस किती दिवसांत येतो, हे दोन्ही तेव्हाच कळतं. आमच्या गावात एका कंपनीचा माणूस वरोऱ्याहून दुसऱ्या दिवशी येतो अन् दुसरीचा चंद्रपुरातून आठवड्यानं. आम्ही पहिलीच घेतली, तिच्याकडे एचडी थोडे कमी असूनही. देवळीला कोणाचा माणूस राहतो ते विचारून घ्या.