एम-20 आणि चाकावरचे दहा

आरसी बुकात 4.96 हॉर्सपॉवर लिहिलंय म्हणून बीएसए एम-20 या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलला 'पाचची गाडी' म्हणणं पटत नाही. तो आकडा ताकदीचा नाहीच. इंजिन 496 सीसीचं, त्याला शंभराने भागलं की झाले 4.96, गाडीचा वर्ग सांगायची त्या काळची पद्धत. क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावर, कंपनी सांगायची 13 हॉर्सपॉवर, तेही 4200 आरपीएमला.

या चर्चेतल्या एम-20 ला डायनोवर (चाकाशी ताकद मोजायच्या यंत्रावर) जेमतेम 10 हॉर्सपॉवर आले, म्हणून वर एकांनी इंजिन खोलायचा सल्ला दिलाय. जरा थांबा. गाडी इंदूरची आणि चाचणी मे महिन्यातली, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. आपलं शहर साधारण 550 मीटर उंचावर. त्यात पारा 42 वर गेला की हवा समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 14 टक्के विरळ होते. म्हणजे 13 चे झाले सव्वाअकरा. चेन आणि गिअरबॉक्स त्यातून दहा-बारा टक्के खाणार. उरले दहा! इंजिन ठणठणीत आहे हो.

खोलण्याआधी प्लग काढून बघा. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या एम-20 चा प्लग उन्हाळ्यात काजळीने काळाकुट्ट व्हायचा, कारण विरळ हवेत तोच जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देतो. मेन जेट एक नंबर लहान बसवला, तर प्लग आठवड्यात बदामी. आणि डायनोवाल्याला विचारा, छापील आकडा 'करेक्टेड' (हवेचा फरक आधीच धरून सुधारलेला) आहे की कच्चा. करेक्टेड असेल तर माझा वरचा हिशोब बाद, मग खुशाल खोला.