भुसावळला ४५ डिग्रीत अंग कोरडं, मुंबईत ३२ ला चिंब! असं का?

अकरावी_भुसावळ: मे महिन्यात इकडे पारा ४५ ला टेकतो तरी घाम दिसत नाही, अन् मामाकडे मुंबईला गेलो की ३२ ला शर्ट पिळायची वेळ येते. पुस्तकात तर लिहिलंय उष्णता वाढली की घाम वाढतो. मग आपल्याकडे घामाच्या ग्रंथी सुट्टीवर जातात का काय भो? अजून एक, उन्हाळ्यात लघवी कमी अन् पिवळी का होते?

बायोवाले_सर_जळगाव: सुट्टी कसली, डबल ड्युटी असते त्यांची. मेंदूतला हायपोथॅलॅमस रक्ताचं तापमान बघत असतो, ३७ च्या वर सरकलं की घामाच्या ग्रंथींना ऑर्डर सुटते आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात. पण हवाच ४५ ची म्हटल्यावर उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आतच यायला लागते, मग भरवसा फक्त घामावर, तोही उडाला तरच. १ लिटर घामाची वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. आपली मेची हवा इतकी कोरडी की तो दिसायच्या आत उडतो, मुंबईत हवेत आधीच बाष्प म्हणून नुसता निथळतो, पाणी गेलं ते गेलं अन् गारवा काही मिळत नाही. कूलर मेमध्ये मस्त आणि जुलैत चिकचिक, तेच गणित. पुरावा पाहिजे तर संध्याकाळी काळ्या शर्टाची पाठ बघ, मिठाचे पांढरे नकाशे दिसतील.

केळीवाला_रावेर: मुंबई कशाला रे भो, दुपारी केळीच्या बागेत शिर. सावली असून चिंब होशील, पानांची वाफ अन् वारा बंद. बांधावर आला की लगेच कोरडा.

अकरावी_भुसावळ: भारी! पण लघवीचं राहिलं ना

सिस्टर_धुळे: घामावाटे पाणी गेलं की रक्त थोडं दाट होतं, मग मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून एडीएच नावाचं पाणी राखणारं हार्मोन सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी परत ओढून घेतात. एरवी दिवसाला १८० लिटर गाळून दीडेक लिटरच बाहेर टाकतात, उन्हाळ्यात त्याहून कमी, म्हणून रंग गडद. आणि बाळा, घाम दिसत नाही म्हणून पाणी कमी पिऊ नको, असे पेशंट दर उन्हाळ्यात येतात. अंग भट्टीसारखं तापलंय अन् माणूस असंबद्ध बडबडतोय तर तो ऊष्माघात, सावलीत न्या, ओलं फडकं, वारा, अन् लगेच दवाखाना. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

अकरावी_भुसावळ: हो ताई. सर, ५८० परीक्षेत लिहिलं तर चालेल?

बायोवाले_सर_जळगाव: चालेल, फक्त युनिट खाऊ नको.