ई-सायकलचं पुढचं चाक उचलतंय: दोष हाताचा की मोटारीचा?

सोल्डरवाला: काल इथे एकाने लिहिलं, "पुढचं चाक उचलतं ते कच्च्या हातामुळे. कंट्रोलर (मोटारीला वीज मोजून देणारा डबा) मऊ करणं म्हणजे मोटारीचे पैसे पाण्यात." वाचून गप्प बसवेना. घरी बनवलेली सायकल, ७२ व्होल्टची हब मोटार (चाकाच्या मध्यातच बसणारी) मागच्या चाकात, बॅटरी कॅरिअरवर. आता हिशेब करा. चालवणारा धरून १२० किलो, गुरुत्वमध्य ११० सेंमी उंच आणि मागच्या आसाच्या ४५ सेंमी पुढे. चाक उचलायला साधारण ४८० न्यूटन पुरतात, म्हणजे २६ इंची चाकाला १६० न्यूटन-मीटर. एवढा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) क्षणात येतो, मनगट काय सावरणार? फेज करंट, म्हणजे कंट्रोलरकडून मोटारीच्या तारांत जाणारा करंट, उतरवा; थ्रॉटलला (वेगाच्या मुठीला) रॅम्प द्या, म्हणजे पिळलं तरी जोर हळूहळू चढेल. नुसता बॅटरी करंट कमी करून भागत नाही; सुटताना फेज करंट त्याच्या कितीतरी पट असतो.

घाटवेडा: ते मीच लिहिलं होतं, आणि अजून तेच म्हणतो. सिंहगडच्या वळणावर रॅम्पवाल्या सायकलने मला आडवं पाडलंय. पिळलं तर आधी काहीच नाही, मग एकदम ढकलते. बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात आणा, प्रश्न मिटला.

सोल्डरवाला: कसला मिटतो! ८ किलोची बॅटरी ५० सेंमी पुढे आणि ३० सेंमी खाली आणलीत, तरी चाक उचलायला लागणाऱ्या जोरात फरक जेमतेम ९ टक्के.

पायी_चालणारी: चाकाचं राहू द्या. २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या पुढे गेलात की ती सायकल राहत नाही, मोटार वाहन होतं. नोंदणी आहे? विमा? माझ्या वडिलांना फुटपाथवर अशाच एकाने उडवलं, खुब्याचं हाड मोडलं. नंबरप्लेट नाही, तक्रार कुणाविरुद्ध करायची?

घाटवेडा: ताई, वाईट झालं. पण फुटपाथवर चढणाऱ्याचा राग आमच्यावर का? २५० वॅटच्या नावाखाली गाडी विकून दुकानातच वेगाचं लॉक काढून देतात, त्यांना धरा.

पायी_चालणारी: त्यांनाही धरा आणि तुम्हालाही! ३ किलोवॅटच्या सायकलला रिम ब्रेक लावून रस्त्यावर उतरणारे तुमच्यातलेच आहेत.

सोल्डरवाला: रिम ब्रेकचं खरं आहे. पुढे-मागे डिस्क नसेल तर असली मोटार बसवूच नये. नोंदणीबद्दल मात्र घरी बनवणाऱ्याला सोपी वाट हवी, नाहीतर सगळे लपूनच चालवणार.

पायी_चालणारी: वाट होईपर्यंत खासगी जागेत चालवा.

सोल्डरवाला: घाटवेडा, तुमचा "आधी काहीच नाही" हा दोष बहुधा रॅम्पचा नाही. हॉल थ्रॉटल (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरवर चालणारी मूठ) सोडलेला असतानाही साधारण ०.८ व्होल्ट देतो. कंट्रोलरमधला सुरुवातीचा व्होल्टेज, म्हणजे ज्याच्या पुढे मोटार चालू होते तो, फार वर ठेवला की पहिला पीळ वाया जातो. सोडलेल्या थ्रॉटलचा व्होल्टेज मोजून सुरुवातीचा त्याच्या किंचित वर बसवा.

घाटवेडा: मोजतो. फेज करंटही उतरवतो, तेवढं मान्य. बॅटरी त्रिकोणातच राहणार.