बाजूने काढलेलं स्वतःचं चित्र परकं का वाटतंय?

रेघोटी:
मागच्या महिन्यात कलादालनात जर्मन चित्रकार केथे कोलविट्झची कोळशाची चित्रं पाहिली. १९३३ च्या एका आत्मचित्रासमोरून पाय निघेना. बाजूने दिसणारी ती, चित्र काढत असलेली. डोकं नीट घडवलेलं, आणि मधला अख्खा हात म्हणजे कोळशाचे नागमोडी फराटे. तरी तिथे हात नाही असं एकदाही वाटलं नाही. तेव्हापासून स्वतःचं तसं चित्र काढायचा ध्यास घेतलाय.

चार झाली. मोबाईलमधल्या फोटोवरून, बाजूनेच. घरचे म्हणतात हुबेहूब तू. मला मात्र ती कुणी पाहुणी बाई वाटते. आणि हाताच्या जागी मारलेले फराटे उसने दिसतात. कोलविट्झकडून घ्यायचं तरी नेमकं काय?

जुना कुंचला:
रेघोटीताई, आधी फोटो बाजूला ठेवा. आपल्याला आपला चेहरा ठाऊक असतो तो आरशातला, डावं-उजवं उलटलेला. बाजूने तर आपण स्वतःला जवळजवळ पाहतच नाही. म्हणून ती पाहुणी. चित्रकार व्हॅन गॉगने कापला स्वतःचा डावा कान, पण १८८९ च्या आत्मचित्रात पट्टी उजव्या कानावर वाटते, कारण तो आरशात बघून रंगवत होता.

एका आरशात बाजू दिसायची नाही. दोन आरसे कोनात उभे करा. दिवा एकच ठेवा, वरून तिरका.

काजळी:
दोन आरशांना अनुमोदन. मी फराट्यांबद्दल बोलते. कोलविट्झने हात अर्धवट सोडलेला नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत जोर कसा जातो, तेच तिने काढलंय. अशी रेघ मनगटातून येत नाही, पूर्ण हात खांद्यातून फिरवावा लागतो. मोठा कागद भिंतीला लावा, कोळसा आडवा धरा, उभ्याने काढा.

१९३३ मध्ये ती पासष्टीतली होती. नाझींनी तिला प्रशियन कला अकादमी सोडायला लावली ते याच वर्षी. म्हणून त्या चित्रात सगळ्यात जिवंत काय असेल तर काम करणारा हात, असं मला वाटतं. तुमच्या अंगात सगळ्यात जास्त काम कोण करतं? तो हात नसेलही.

रेघोटी:
काजळी, या प्रश्नाने रात्रभर झोप लागली नाही. मी शिवणकाम करते. दिवसभर मान खाली.

काल दोन आरसे लावले आणि उभ्याने काढलं, मानेपासूनच सुरुवात केली. ताठ उभी राहिले तरी मान पुढे झुकलेलीच. मागचा तो बाक मी आजवर पाहिलाच नव्हता. एका आडव्या फराट्यात आला, खोडरबर लावला नाही. चेहरा अजून अर्धाच आहे, पण या वेळी ती मीच आहे.

कानाखालची सावली अडलीये. बोटाने चोळू, की रेघांनीच राहू दे?