स्पेक्ट्रमच्या कॅसेटींना बुरशी, गेम मध्येच अडकतो

फोंडेकर४८के
मशीन झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, म्हणजे कॅसेटवरून गेम लोड करणारा १९८० च्या दशकातला घरगुती संगणक. कॅसेटी १९८३ ते ८६ च्या, टेपच्या कडेला पांढरे ठिपके. दोन कॅसेटींवर लोडिंग मध्येच तुटून ‘आर टेप लोडिंग एरर’ येतो. तिसरी शेवटपर्यंत जाते आणि मग तोच एरर. व्हॉल्यूम कमी-जास्त करून बघितला. आधी टेप पुसू की हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन बदलणारा स्क्रू फिरवू?

म्हापशाचा_टेपवाला
आधी वाजवणं बंद करा. बुरशीची पूड हेडवर आणि रबरी रोलरवर बसते, तिथून चांगल्या कॅसेटींत जाते. पाऊस सरेपर्यंत कॅसेटी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत आत्ता पुसलं तर चवथीपर्यंत ठिपके परत हजर.

पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. कापड नुसतं ओलसर हवं, भिजलेलं नको. टेपची कडा त्यातून सरकवत हाताने गुंडाळायची, तोंडाला मास्क लावून. शेल (कॅसेटचं बाहेरचं कवच) चिकटवलेला असेल तर सांध्यावर ब्लेड चालवून उघडा आणि रिळं पाच स्क्रूंच्या रिकाम्या शेलमध्ये घाला.

बॉर्डर_पट्टी
तुमचे दोन एरर वेगळे आहेत. मध्येच तुटतं म्हणजे तिथे सिग्नल पडला. ते बुरशीचं काम. शेवटी येतो तो पॅरिटीचा, म्हणजे शेवटच्या पडताळणीचा: डेटाचा ब्लॉक पूर्ण वाचला, पण एखादा बिट चुकला. टेपवर बिट सुरांत असतात: ० चा सूर साधारण २००० हर्ट्झ, १ चा १०००. हेड तिरकं असलं की वरचा सूर आधी मरतो.

तिसऱ्या कॅसेटसाठी स्क्रू फिरवा, पण मूळ जागेवर मार्करची खूण करून. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी. आवाज सगळ्यात कर्कश येतो तिथे थांबा. डेकवरची डॉल्बी (खरखर कमी करणारं बटण) बंद.

म्हापशाचा_टेपवाला
बरोबर. फक्त थेट मशीनमध्ये लोड करत बसू नका, प्रत्येक खेपेला टेप झिजते. एकदाच ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल करा, एमपी३ नको. स्टिरिओ डेक असेल तर एकच चॅनेल घ्या. दोन्ही मिसळले आणि हेड जरा जरी तिरकं असलं, तर वरचा सूर आपसांतच कापला जातो. नंतर ती फाइल लॅपटॉपवरून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला द्या. पायलटच्या (ब्लॉकआधीच्या सलग सुराच्या) लाल-आकाशी पट्ट्या पडद्याच्या कडेला सरकायला लागेपर्यंत आवाज वाढवत न्या.

फोंडेकर४८के
तिसरी उघडली. टेपमागच्या स्प्रिंगवरचा फेल्टचा तुकडा सुटून तळाशी पडलाय.

बॉर्डर_पट्टी
मग स्क्रूला हात लावू नका! टेप हेडला टेकतच नव्हती. भजनाच्या एखाद्या जुन्या कॅसेटमधली स्प्रिंगची पट्टी फेल्टसकट काढून बसवा. जुना तुकडा चिकटवू नका, गोंद टेपला लागतो.