मदत हवी आहे: रेस ट्रॅकवरही टिकेल असा क्लच कोणता घ्यावा?

टर्बो पेट्रोल गाडी, रीमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्यावर) टॉर्क साधारण ३०० न्यूटन-मीटर. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएम चढतो, वेग तेवढा वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. हायड्रॉलिक लाइनमधली हवा काढून पाहिली, फरक नाही. गिअरबॉक्स उतरवलाय: ऑइल सील कोरडं (तेल गळत नाही), क्लच प्लेटच झिजलेली. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे झटके शोषणारी दोन भागांची जड चकती) चांगलं आहे, ते बदलायचं नाही. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) नवीन टाकणारच.

अधूनमधून ट्रॅकवर नेतो, पण रोजच्या ट्रॅफिकमध्येही हीच गाडी लागते. त्यामुळे सिरॅमिक प्लेटची झटका देऊन धरणारी पकड नको; पेडल थोडं जड झालं तरी चालेल. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा: ऑरगॅनिक (नेहमीच्या अस्तराच्या) प्लेटसोबत जास्त दाबाची प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) ट्रॅकच्या उष्णतेत टिकते का, की केव्हलारच्या (मजबूत कृत्रिम धाग्याच्या) अस्तराचीच प्लेट घ्यावी?