रणजी खेळून अमेरिकेच्या संघात कसं जातात?

बारावा_गडी: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेकडून खेळता येतं? की आधी नागरिकत्व लागतं?

डावरा: नागरिकत्वच हवं असं नाही. जन्म, नागरिकत्व किंवा लागोपाठ ३ वर्षांचं वास्तव्य, यातलं एक आयसीसीला पुरतं. अमेरिकेचा गोलंदाज सौरभ नेत्रावळकर बघा: २०१० चा युवा विश्वचषक, २०१३ ला मुंबईकडून रणजी, २०१५ ला शिकायला अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. जून २०२४ मध्ये डॅलसला पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हरमध्ये (बरोबरी सुटायला टाकलेल्या जादा षटकात) १८ धावा राखल्या त्या यानेच, वाईड टाकत का होईना!

स्लिप_कॉर्डन: वास्तव्यातच लोक अडकतात. मुख्य घर तिथलंच हवं. दरवर्षी चार-चार महिने भारतात काढले तर दावा लंगडा पडतो. तारखांचे पुरावे जपून ठेवा. आणि विद्यार्थी व्हिसावर सामन्याचं मानधन घेऊ नका, ते बेकायदा काम ठरतं.

डावरा: शिवाय इथला निवृत्तीचा कागद. त्याशिवाय बीसीसीआय परदेशी टी-२० लीगला परवानगी देत नाही. निवृत्ती म्हणजे रणजीसकट आयपीएलवरही पाणी. भारताच्या १९ वर्षांखालील संघाचा माजी कर्णधार उन्मुक्त चंदने ऑगस्ट २०२१ मध्ये तेच केलं.

बारावा_गडी: म्हणजे आधी व्हिसा, निवृत्ती शेवटी?

स्लिप_कॉर्डन: हो. उलटं केलंत तर ना घरका ना घाटका.